कण्हेरीचा म्हातारा बाप

माझ्या आयुष्यात माझं जे जे नुकसान झालं, त्यातलं निम्मं खोटं बोलल्यामुळे झालं आणि उरलेलं निम्मं फुलांची लॅटिन नावं सांगितल्यामुळे. खोटं बोलणं वयानुसार कमी होत गेलं. दुसरं व्यसन मात्र निवृत्तीनंतरच लागलं, आणि त्यावर औषध नाही.

नोकरी सगळी दीपनगरच्या वीज केंद्रात गेली. वसाहतीतल्या बागेत झाडांना पत्र्याच्या पाट्या होत्या, त्यांच्यावर लॅटिन नावं. पानांवर राख बसायची, पाट्यांवरही बसायची. येता-जाता मी रुमालाने पाटी पुसायचो आणि नाव वाचायचो. त्या वेळी एवढंच. मग निवृत्त झालो, जळगावात फ्लॅट घेतला, हातात फोन आला आणि त्या नावांच्या मागे काय आहे ते वाचत सुटलो. नाव लॅटिन, पण कूळ ग्रीक. एकेका नावामागे कुणीतरी प्रेमात पडलेलं, कुणीतरी बुडालेलं, कुणीतरी रुसून फूल झालेलं. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला एवढं खाद्य मिळालं की तो शेजाऱ्यांना सोडत नाही.

बायको होती तोवर मला आवर होता. तिला मी एकदा सांगितलं, की आपल्या इमारतीच्या अंगणातल्या पारिजातकाच्या लॅटिन नावाचा अर्थ ‘रात्री फुलणारं दुःखी झाड’ असा होतो. ती फुलं वेचत होती. मान वर न करता म्हणाली, “सकाळी अंगणभर फुलं टाकणाऱ्या झाडाला दुःखी म्हणणारा माणूस स्वतः नऊला उठत असेल. तुमच्यासारखा.” त्यानंतर पारिजातकाबद्दल मी तोंड उघडलं नाही.

ती गेल्यावर अडवणारं कुणी राहिलं नाही. मेहरूण तलावावर सकाळी फिरायला जाणारे चार-पाच जण होते, त्यांच्या बाकावर मला जागा होती. पाण्यात जलकुंभी माजली होती. मी त्यांना इंग्रजीतल्या तिच्या नावात दडलेल्या एका ग्रीक मुलाची गोष्ट सांगितली, खेळताना देवाने फेकलेली थाळी लागून मेलेल्या. मग उद्या दुसऱ्या फुलाची. परवा तिसऱ्याची. एक दिवस गेलो तर बाक रिकामा. चौकशी केली तेव्हा कळलं की मंडळी आता पाऊण तास आधी येतात आणि उठून जातात. डॉक्टरांनी सांगितलं म्हणे. सगळ्यांना एकदम.

हे मी हसून सोडून दिलं. बाकावरची माणसं काय, दुसरा बाक मिळतो. पण धुळ्याला जे झालं ते हसून सोडता येईना.

धुळ्याला माझा थोरला भाऊ. त्याला घरात सगळे आबा म्हणतात, मीही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आबांच्या घरी कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसते. सगळे भाऊबंद जमतात, रात्रभर बायकांची गाणी, सोमवारी पांझरा नदीवर तिची बोळवण. त्या दिवशीचा रोट म्हणजे आमच्या कुळाची हजेरीच. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचा, तो दळायचा, त्याचे जाड रोट करायचे. ते कुळातल्यांनीच खायचे. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही, टाकायचे नाहीत, पुनवेच्या आत संपवायचे. दरवर्षी आठ दिवस आधी आबांचा फोन यायचा. एकच वाक्य: “तुना नावना गहू काढू ना?” नाही म्हणायची सोयच नव्हती, पण विचारायचे. बायको गेल्यावर त्या वाक्याचं वजन मला कळायला लागलं. जगात कुठेतरी माझ्या नावाने मूठ निघते, याचा वर्षभर आधार पुरायचा.

आणि आमच्या घरचा रिवाज असा, की कानबाईला कण्हेरीचीच फुलं. दारात कण्हेर होती, गुलाबी, भिंतीपेक्षा उंच. आईने लावलेली.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. रविवार दुपार. आत वहिनी रोटाचं पीठ मळत होती, तिच्या डोक्यावर खुंटीला कण्हेरीची माळ टांगलेली. मी ओट्यावर फुलांची परडी घेऊन बसलो होतो, आजूबाजूला पोरं, पलीकडे खाटेवर आबा. आबांची सून नाशिकहून आलेली, चांगल्या वळणाची मुलगी. पोरांत एकटा बसलेला चुलतसासरा बघून तिने केवळ सभ्यतेपोटी विचारलं, “काका, या फुलाला तुमच्या त्या भाषेत काय म्हणतात?”

बाईमाणसाने माणुसकी दाखवावी, पण इतकी नाही.

मी सुरू झालो. म्हटलं, याचं नाव नेरियम. समुद्रात एक म्हातारा देव होता, नीरिअस नावाचा, कधी खोटं बोलायचा नाही, त्याला पन्नास मुली. काही म्हणतात नाव त्याच्यावरून आलं, काही म्हणतात नुसत्या ओलाव्याच्या शब्दावरून. मला म्हातारा आवडला म्हणून मी म्हातारा धरला. पोरं खूश. एकाने विचारलं, पन्नास पोरींची शाळेची फी कोण भरायचं? सगळे हसले. इथे मी उठून हात धुवायला जायला हवं होतं. पण बाकावरून उठवलेल्या माणसाला पुष्कळ दिवसांनी हशा मिळाला होता. मी पुढे म्हणालो, “आणि बरं का, या झाडाचं सगळं विषारी. पान, फूल, चीक, मूळ. याची काटकी जाळली तर धूरसुद्धा वाईट.”

यात चुकीचं काहीच नव्हतं. अडचण तीच होती.

सुनेने पोराच्या हातातलं फूल काढून घेतलं. दुसरीने आपल्या पोरीला नळावर नेऊन कोपरापर्यंत हात धुतले. मग कुणाची तरी नजर आत गेली, पिठाच्या परातीवर टांगलेल्या माळेकडे. वहिनीने माळ काढून दुसरीकडे ठेवली, पण माळ कितीतरी वेळ तिथेच होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

रात्री गाणी झाली, पण आवाज चढला नाही. सोमवारी बोळवण करून आलो, पानं मांडली, आणि एकाही पोराला भूक नव्हती. कुणाचं पोट दुखत होतं, कुणाचा उपास अचानक आठवला. सुना नवऱ्यांकडे बघत होत्या, नवरे ताटाकडे. मी भीती घालवायला म्हणून सगळ्यांसमोर मोठमोठे घास घेतले. ते बघून उरलेल्यांची भूकही गेली.

मंगळवारी सकाळी नाशिकला परत निघायच्या आधी पुतण्याने कुऱ्हाड मागून आणली आणि दारातली कण्हेर बुंध्याशी तोडली. त्याचंही बरोबर होतं, लहान पोर आहे त्याचं. आबा ओट्यावर उभे होते. माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाले, “मायनं झाड व्हतं.”

त्या झाडाची फुलं आईने जन्मभर ओवली. विषाचं तिला माहीत असणारच. शेळी कधी तोंड लावत नसे त्या झाडाला, आणि शेळी तिचीच होती. पण तिने ते ओट्यावर बसून जाहीर केलं नाही.

घरात राहिले आबा आणि वहिनी, आणि रोटांचा ढीग. टाकायचे नाहीत, कुणाला द्यायचे नाहीत. पुनवेपर्यंत दोघांनी ते दुधात कुस्करून संपवले. हे वहिनीने पुढे दिवाळीत फोनवर सांगितलं, हसत. आबांनी फोन घेतला नाही. “आबा झोपेल शेतस,” म्हणाली. सकाळचे अकरा वाजले होते.

वर्ष गेलं. या वर्षी श्रावण लागला तसा मी फोन खिशात न ठेवता समोर ठेवायला लागलो. माझ्या इमारतीखाली एका भाईंचं गादीचं दुकान आहे. माझ्याच वयाचे, कापूस पिंजून पिंजून भुवयाही पांढऱ्या. संध्याकाळी मी त्यांच्या दुकानात बसतो. ते गादीला टाके घालतात आणि माझं ऐकतात, कारण सुई सोडून उठता येत नाही.

“साहेब, फोन को क्यों घूर रहे हो? अंडं देणार आहे का तो?” ते म्हणाले.

मी त्यांना भुरुंडीची गोष्ट सांगितली. आमच्या कंपाउंडमध्ये रानटी उगवते ती. तिच्या लॅटिन नावात सूर्याकडे वळणं आहे. एका पोरीचा सूर्यावर जीव, त्याने टाकलं तिला, तर ती न खाता-पिता जमिनीवर बसून त्याच्याकडे बघत राहिली. तो जिकडे जाईल तिकडे मान. शेवटी तिचं झुडूप झालं.

भाईंनी टाका ओढला. “मग तुम्ही फोन करा ना भावाला. झुडूप होण्यापेक्षा बरं.”

एवढं सोपं नव्हतं ते. माझ्या नावाची मूठ काढा, असं आपण होऊन कसं सांगणार? तरी एकदा वहिनीला फोन केला. धुळ्यात पाऊस कसा काय, असं विचारलं. तिने पावसाचं सविस्तर सांगितलं. अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलं तेही सांगितलं. जळगावात पाऊस कसा, तिने विचारलं. मीही सविस्तर सांगितलं. वेधशाळेत दोन कारकून बोलत असावेत तसे आम्ही बोललो आणि फोन ठेवला.

नागपंचमी झाली. रविवार आला. मी नवा सदरा घालून बसलो होतो, का ते विचारू नका. रविवार गेला. सोमवारही गेला.

मंगळवारी दुपारी एक अनोळखी नंबर. एसटीचा कंडक्टर. “काका, धुळ्याहून तुमचा डबा आहे. स्टँडवर या, गाडी पुढे भुसावळला जायची आहे, थांबणार नाही.”

रिक्षाने गेलो. स्टीलचा डबा, जुन्या लुगड्याच्या फडक्यात घट्ट बांधलेला. तिथेच बाकावर बसून फडकं सोडलं. वर गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, उन्हाने थोडी आंबलेली. खाली रोट. हातात घेऊन बघितले. वहिनी रोट थापते तेव्हा कडेला बोटांचे ठसे उठतात, ते होते. एका माणसाच्या वाट्याचेच होते ते.

म्हणजे मूठ निघाली होती. बोलावणं निघालं नव्हतं.

घरी आलो तर भाई दुकानाच्या पायरीवर. डबा बघून त्यांना सगळं कळलं. खानदेशात जन्म गेलाय त्यांचा.

“आला का रोट? मुबारक हो.”

“आला.”

“मला विचारू नका, मला चालत नाही तो. माझी गादी तुम्हाला चालते, तुमचा रोट तेवढा मला नाही.” ते हसत होते. मग म्हणाले, “एकट्याने खाणार?”

“दुसरं कोण आहे कुळात, जळगावात?”

त्यांनी मान हलवली. त्या संध्याकाळी ते वर आले, खुर्चीत बसून चहा प्यायले आणि मी समोर रोट खाल्ला. ज्या माणसाचं मी वर्षभर रोज डोकं खातो, त्याला एक तुकडा देता येत नव्हता. चहा संपल्यावर ते उठले, दुकानात गिऱ्हाईक होतं.

पुढचे दिवस मी एकटाच. रोट वाळत जातो तसा कडक होतो. रोज एक तुकडा दुधात भिजवायचा, थांबायचं, खायचा. टीव्ही बंद ठेवायचो, का कोण जाणे. बारा-पंधरा माणसांच्या पंगतीत जे खाणं अर्ध्या तासात उरकायचं, ते एका माणसाला पुनवेपर्यंत पुरलं.

पुनवेच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा तुकडा दुधात टाकला आणि फोन वाजला. आबा.

“रोट भेटना ना?”

“हां, भेटना आबा.”

“संपाडी टाक. कोनले देऊ नको.”

“नही. शेवटला शे.”

आबांनी फोन ठेवला नव्हता. आत वहिनीचं भांडं वाजलेलं ऐकू आलं.

“पोरं गयात का?” मी विचारलं.

“बठ्ठा गयात. मंगळवारेच.”

“अवंदा फुलं कोणती वाहिली?”

“झेंडू. बाजारना.”

झेंडूच्या लॅटिन नावातही एक गोष्ट आहे. नांगराच्या तासातून वर आलेल्या पोराची. धुळ्याच्या माणसाला आवडेल अशी. ती माझ्या जिभेच्या टोकावर आली. मी ती वाटीतल्या दुधाच्या घोटाबरोबर गिळली. माझ्या माहितीत असं पहिल्यांदाच झालं.

आबाच बोलले. “तो तुना म्हातारा. समुद्रना. त्याले कितल्या पोरी व्हत्या?”

“पन्नास.”

“त्या कोठे ऱ्हायेत?”

“त्यानाच घरमा. पाण्याच्या तळाशी घर होतं त्याचं.”

“बठ्ठ्या? पन्नासना पन्नास?”

“बठ्ठ्या.”

माझी मुलगी बंगळुरूला, त्यांचा मुलगा नाशिकला.

“मंग त्याले काय दुख व्हतं?” ते म्हणाले.

मी बरंच आठवून पाहिलं. जेवढं वाचलं त्यात त्या म्हाताऱ्याचं दुःख कुठेच दिलेलं नव्हतं.

“काहीच नही, आबा,” मी म्हणालो.

“हां,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला. वाटीत शेवटचा तुकडा अजून नीट भिजला नव्हता. मी थांबलो.