तानाजीरावांचा अंगठा सुधारायला गेलो

चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगताना एकाला जोरदार ठसका लागला होता. माझ्या मूर्खपणापायी कुणाच्या जिवावर बेतायला नको!

तर मी गिटार शिकतो. हसू नका, अजून सुरुवात व्हायची आहे. वय सेहेचाळीस, नोकरी हिंजवडीत, घर बावधनला, गाव परभणीकडचं. क्लास आमच्या सोसायटीमागे, पिठाच्या गिरणीच्या वर. शिकवणारे निनाद सर माझ्या जवळजवळ निम्म्या वयाचे.

या सरांनी स्वतः एक धून बांधली. ऐकायला गोड, वाजवायला महाभयंकर! अंगठ्यानं जाड तारांवर संथ ठेका धरायचा आणि त्याच हाताच्या बाकीच्या बोटांनी बारीक तारांवर चाल वाजवायची. म्हणजे ज्या हातानं पोळी लाटायची, त्याच हातानं फोडणीही द्यायची!

सर म्हणाले, "जोड्या करा. रोज थोडं वाजवा, रेकॉर्ड करून जोडीदाराला पाठवा, एकमेकांना धीर द्या. महिन्यानं कार्यक्रम आहे. दोघांनी मिळून वाजवायचं."

माझ्या वाट्याला आले तानाजीराव. त्यांचा ताम्हिणीत ढाबा. दर बुधवारी गिटार पाठीला बांधून मोटारसायकलवर एवढ्या लांबून क्लासला यायचे. बोलणं कमी, मान डोलावणं जास्त. मला शिकून दोन वर्षं झालेली, त्यांना जेमतेम सहा महिने. मग काय? मनातल्या मनात मी लगेच गुरू झालो.

सोमवारी मी माझं रेकॉर्डिंग पाठवून दिलं. न ऐकताच. आपलं घोरणं आपण कधी ऐकतो का?

मंगळवारी तानाजीरावांकडून एक ऑडिओ आला. लावला आणि... अरे देवा! अंगठा असा आपटत होता, जणू कुणी जिन्यावरून गॅसचं सिलिंडर उतरवतंय. चाल मध्येच पळायची, मध्येच उभी राहून दम खायची. अर्ध्या मिनिटात बंद केलं. पुढं ऐकवेना.

पण धीर द्यायचा होता ना! मी घसा साफ करून निरोप पाठवला, "तानाजीराव, खचू नका. चाल बरी आहे. अंगठा मात्र फारच वाईट. सुरुवातीला होतं असं."

उत्तर आलं, "व्हय साहेब. करतो."

त्या 'व्हय साहेब'नं मला जो चेव चढला! रोज एक प्रवचन. "अंगठा म्हणजे घरातला कर्ता माणूस. तो डगमगला की संसार संपला." "दात घासताना बेसिनवर ठेका धरा." "घाई कसली? गाडी पकडायचीय का?" शुक्रवारी तर मी लयीचं महत्त्व यावर सात मिनिटं बोललो. माझी मलाच दाद द्यावीशी वाटली.

शनिवारी तानाजीरावांचा निरोप आला. "साहेब, आपल्याच्यानं न्हाई व्हायचं. गिटार माळ्यावर टाकतो. तुमी दुसरा जोडीदार बघा."

बिचारा एवढ्या लांबून हौसेनं येतो, आणि मी चार दिवसांत त्याची हौस मोडली? रविवारी सकाळीच गाडी काढली आणि थेट ताम्हिणी गाठली.

ढाब्यावर रविवारची गर्दी. सुनीतावहिनी, म्हणजे तानाजीरावांच्या पत्नी, चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. मला बघून तानाजीराव ओशाळले.

"एवढ्या लांब कशाला आला साहेब?"

"तुम्हाला परत उभं करायला!" मी म्हणालो. "चूक लपवायची नाही. तुमचं रेकॉर्डिंग आपण इथंच, सगळ्यांसमोर ऐकू. चूक कानानं ऐकली की बोटाला कळते."

आणि मी माझा फोन ढाब्याच्या मोठ्या स्पीकरला जोडला. हो, मीच! कुणी सांगितलं नव्हतं.

सिलिंडर उतरायला लागलं. धाड, धाड, धाड. कोपऱ्यातला एक गिऱ्हाईक म्हणाला, "दादा, जेवू द्या की जरा!"

"साहेब, अवो पण हे तर..." तानाजीराव पुढं आले.

"थांबा! बोलू नका, ऐका. हा बघा, इथं पळाला. ऐकलंत? अंगठा आहे की उखळातलं मुसळ!"

"अवो साहेब..."

"शू!"

या वेळी रेकॉर्डिंग शेवटपर्यंत गेलं. एक कुकरची शिट्टी झाली. आणि मग सगळ्या ढाब्यात एका बाईचा खणखणीत आवाज घुमला, "अहो, पुरे आता! खालच्या काकू विचारतायत, फरशी फोडायचं काम कधी संपणार?"

वहिनींचा भाकरीवरचा हात थांबला.

"कोन हाय ही?"

"कोन?" तानाजीराव म्हणाले.

"ही! तुमाला अवो म्हनतीया ती! दर बुधवारी बावधनला पळताय ते ह्याच्यापायी व्हय?"

"आगं, मला काय ठावं!"

मला मात्र तो आवाज चांगलाच ठाऊक होता. वीस वर्षं ऐकतोय! घाईघाईनं म्हणालो, "वहिनी, गैरसमज नको. ती माझी बायको आहे."

"तुमची बायकू? मंग ह्यांना कशाला अवो म्हनतीया?"

सगळी टेबलं जेवायची थांबली होती. आता मघाचा तो गिऱ्हाईकसुद्धा खुर्ची वळवून बसला होता.

"यांना नाही हो, मला म्हणतेय," मी पुटपुटलो. "ते... मीच वाजवतोय."

वहिनी हसायला लागल्या त्या खालीच बसल्या. पिठाचे हात डोळ्यांना लावून हसत होत्या. तानाजीराव तेवढे हसले नाहीत. देवमाणूस!

"तुमी मोठं मानूस," ते म्हणाले, "तोंडानं कसं सांगू? म्हनलं, आपलं आपुन ऐकलं की कळतंय. म्हनून तुमचंच तुमाला परत धाडलं. मागनं माझं बी धाडलं हुतं, पर त्ये रेंज न्हाई म्हनून अडाकलेलं मला आत्ता दिसतंय. बघा."

त्यांचं रेकॉर्डिंग त्यांच्याच फोनमध्ये अडकून पडलं होतं. आणि माझ्या फोनवर, त्या ऑडिओच्या डोक्यावर, बारीक अक्षरांत 'फॉरवर्डेड' लिहिलेलं होतं. ते चष्मा कपाळावर ठेवून कसं दिसणार?

"म्हणजे मी जे काही बोलत होतो..."

"मला वाटलं माझ्यावरच हाय. रोज नुसता अंगठाच घोटला बघा."

"गिऱ्हाइकाच्या ताटाशेजारी ठेका धरायचं!" वहिनी मध्येच म्हणाल्या. "मानसं उठून जायाची येळ आली!"

मी खालच्या मानेनं म्हणालो, "वाजवा बघू."

माळ्यावरून गिटार आली. तानाजीरावांनी तारा जुळवल्या आणि वाजवायला लागले. काय सांगू! अंगठा असा शांत, जणू चढावर बैल चालतोय. ना घाई, ना दमणूक. वर ती चाल अलगद सुटी होत होती. संपलं तेव्हा मघाचा तो गिऱ्हाईक जेवण सोडून टाळ्या वाजवायला लागला.

"आता बरं हाय का, साहेब?" त्यांनी खरोखरच विचारलं.

मी हात जोडले. "गिटार परत माळ्यावर गेली, तर मी इथून हलणार नाही."

"मंग बसा," ते म्हणाले. "सावकास घेऊ. आधी नुसता अंगठा."

त्यानंतरचे सगळे रविवार मी ताम्हिणीत काढले. तानाजीराव तोंडानं एक-दोन-तीन-चार मोजायचे, मी वाजवायचो. एक ओळ न अडखळता आली की आत ओरडायचे, "साहेबास्नी भजी आन गं!" पहिल्या रविवारी भजी मिळाली नाहीत. दुसऱ्या रविवारी एक प्लेट. तिसऱ्या रविवारी दोन! आयुष्यात कुठल्या बढतीचा एवढा आनंद झाला नव्हता.

कार्यक्रमात आम्ही दोघांनी मिळून ती धून वाजवली. मी दोनदा घसरलो, दोन्ही वेळा तानाजीरावांनी माझ्यासाठी लय धरून ठेवली. टाळ्या पडल्या. नंतर पहिल्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत आले आणि मला ओलांडून सरळ तानाजीरावांपाशी गेले.

"विद्यार्थ्याला छान सांभाळून घेतलंत हो," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "किती दिवस झाले याला शिकून?"

तानाजीरावांनी माझ्याकडं बघितलं. मला दोन वर्षं झालीत हे त्यांना चांगलं माहीत होतं. तरी पठ्ठ्या डोळ्याची पापणीही न हलवता म्हणाला, "पंधरा दिस."

"पंधरा दिवस?" आजोबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मग काही वाईट नाही!"