भिंतीला ताप येतो

भिंतीला गाल लावून तिची विचारपूस करणारा माणूस अख्ख्या गोव्यात एकच, आणि तो नेमका आमच्या नात्यात. माझ्या साडूचे वडील! आम्ही त्यांना काका म्हणतो. आमच्या डिचोलीच्या घरी आले की आधी पश्चिमेच्या भिंतीला गाल टेकवणार आणि म्हणणार, "हिका ताप आसा रे! कशे रवतात तुमी हांगा?" मग पंखा बंद करून भिंतीवर सावली कुठून आणावी याचा विचार करत बसणार. आम्ही घामाघूम!

हे खूळ सुरू झालं काकींमुळे. काकांच्या गावच्या, आमोण्याच्या स्लॅबच्या घरातला उकाडा सोसवेना म्हणून त्या म्हापशाला, साडूच्या फ्लॅटमध्ये एसीत राहायला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. काकांना शेत सुटेना. तेव्हा शेतातला जुना मांगर, जिथे पूर्वी गुरं आणि गवत असायचं, त्याचंच त्यांनी घर करायला घेतलं. एसीशिवाय थंड आणि वीज उन्हाची. काकी फोनवर कडाडल्या, "मांगरात रवाक मी काय म्हस?"

काका कसले ऐकतात! मातीच्या जाड भिंती तशाच ठेवून चुन्याचा गिलावा केला, छपराचे नळे, म्हणजे कौलं, आणि त्याखालच्या फळ्या यांच्या मध्ये भाताचं तूस भरलं. वारा कुठून शिरतो ते पाहायला पेटती उदबत्ती घेऊन प्रत्येक जनेलापुढे, म्हणजे खिडकीपुढे, उभे राहायचे आणि धुराकडे एकटक बघायचे. शेजारणीला वाटलं, यांना दृष्टान्त झाला. दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या जनेलात तिने वाहिलेलं जास्वंदीचं फूल! काका म्हणाले, "रवू दे. वारो थंयसूनच येता, देवच तो." हसून हसून माझी पुरेवाट झाली, पण खरं सांगतो, उदबत्ती घेऊन फिरावंसं मलाही वाटलं.

वैशाखात काकी मांगराचं घर बघायला आल्या, जेवून परत जायच्या बोलीवर. नाक मुरडत घरभर हिंडल्या आणि जेवणानंतर जरा पाठ टेकते म्हणून आत गेल्या. काका बाहेर माझ्या शेजारी, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे. एवढ्यात आतून हाक आली, "अवो, पांगरूक कायतरी दिया मगे."

काका उठले आणि तिथेच थबकले. घरात पांघरूणच नव्हतं. एवढा सगळा विचार केला, पण इथे कुणाला थंडी वाजेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. दोरीवरचं धुतलेलं धोतर दुहेरी करून आत घेऊन गेले, ते डोळे पुसतच बाहेर आले. संध्याकाळी साडू आईला न्यायला गाडी घेऊन आला, तर काकांनी त्याला अंगणातच अडवलं.

"उठवू नको रे तिका," ते हळूच म्हणाले, "बऱ्याच वर्सांनी घरात निजल्या."