महालक्ष्म्यांच्या आखूड साड्या

गेल्या भाद्रपदात माझा देव हरवला होता. ही गोष्ट मी घरात कोणालाच सांगितली नव्हती. आमच्याकडे महालक्ष्म्या बसायला थोडेच दिवस उरले होते, आणि जिच्या हातून त्या बसतात तिनंच असं म्हणायचं म्हणजे मांडवात उभ्या नवरदेवानं घरी जातो म्हणण्यासारखं झालं असतं. म्हणून मी गपगुमान डाळी निवडत होते, पितळ घासत होते आणि मनातल्या मनात रडत होते.

याला निमित्त झाली माझी लेक केतकी. ती रायपुरातच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होती, आणि हे विश्व कसं सुरू झालं, कसं पसरलं, हाच तिचा ध्यास. जेवतानाही तोच विषय. तिचे बाबा रेल्वेतले, साधा माणूस. वरण वाढ म्हणाले तर ही दीर्घिका वाढायची. आम्ही मराठीत बोलायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, हे इथं घरोघरी चालतं. माझं विज्ञान दहावीतच सुटलेलं, तरी मला तिचं ऐकायला आवडायचं. हे सगळं एके काळी अतिशय दाट, अतिशय तापलेलं होतं, मग पसरत गेलं, निवत गेलं, त्यातून तारे झाले आणि ताऱ्यांच्या पोटात आपल्या हाडांतला चुनासुद्धा झाला, हे मला तिच्याकडूनच कळलं. मला उलट देवीचं कौतुक वाटायचं. केवढा संसार मांडलाय बाईनं, असं मी म्हणायची आणि केतकी हसायची.

एका संध्याकाळी देवापुढे दिवा लावता लावता मी तिला सहज विचारलं, हे सगळं पसरतंय ते कशात पसरतंय, बाहेर काय आहे? उत्तर माझ्याकडे तयारच होतं. बाहेर ती उभी असणार. मडकं घडवणारा मडक्याच्या बाहेरच बसलेला असतो. केतकी म्हणाली, "आई, बाहर कुछ है ही नहीं। बाहर जैसी कोई जगह ही नहीं है। और बीच भी नहीं है।"

ती उर्मटपणे बोलली नाही. साखर संपली आहे हे सांगावं तितक्या साधेपणानं बोलली. पण त्यानंतर पूजेला बसून डोळे मिटले की माझ्या मनात तेच घोळायचं. बाहेर नाही, तर ती उभी कुठे आहे? मध्य नाही म्हणजे गाभाराही नाही. मग इतकी वर्षं मी हात जोडले ते कोणत्या दिशेला? पोथी वाचून व्हायची, आरती म्हणून व्हायची, आणि सगळं कोरडंच राहायचं.

त्यातून आमच्या महालक्ष्म्या तर बाहेरूनच येतात. आम्ही विदर्भातले, ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी आमच्या घरी तीन दिवस माहेरपणाला येतात. धान्याच्या कोठ्यांना साड्या नेसवून त्यांची अंगं उभी करायची, मग त्यांचे पितळी मुखवटे दाराबाहेर तुळशीपाशी न्यायचे आणि हळदीकुंकवाच्या पावलांवरून वाजतगाजत आत आणायचे. तेव्हा घरातली एक जण आतून विचारते, कोण आली? आणि मुखवटे आणणारी देवीचं नाव सांगते. सासूबाई होत्या तोवर त्या विचारायच्या, त्यांच्यानंतर केतकी. त्या वर्षी तिनं आधीच सांगून टाकलं की ती भाज्या चिरेल, आरास करेल, पण ते विचारणं तिला जमणार नाही. जे मनात नाही ते तोंडानं कसं म्हणायचं? खोटं बोलू नये हे मीच तिला शिकवलेलं, आता कोणत्या तोंडानं आग्रह करणार? दिवाळीनंतर ती पुढच्या शिक्षणासाठी लांब जाणार होती. मला वाटायचं, देवी आणि लेक, दोघी एकदमच माझ्या हातून सुटून चालल्या आहेत.

दरवर्षी महालक्ष्म्यांच्या साड्या माझी नणंद नागपूरहून पाठवते. त्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मीच पंडरीच्या कापडबाजारात गेले. सणाची गर्दी, आणि माझं मन थाऱ्यावर नाही. समोर दिसल्या त्या लाल-पिवळ्या बांधणीच्या दोन सारख्या साड्या उचलल्या. कापड सगळं चुरगळलेलं, आकसलेलं, हाताला खडे लागावेत तसं. म्हटलं, असेल हल्लीची फॅशन. आम्हाला काठ कळतो, पदर कळतो. बांधणी आमच्या घरात कधी कोणी नेसलेलीच नव्हती.

साड्या नेसवायची वेळ आली. साडी पुरेना. लांबीला कमी, रुंदीला त्याहून कमी. ज्येष्ठेच्या कमरेला खोचली तर कोठीच्या निम्म्यावरच संपली. आमचे हे डोकावून म्हणाले, "देवीले फ्रॉक शिवला काय?" एरवी मी हसले असते. पण मुहूर्त जवळ आलेला, घरात दुसरी कोरी साडी नाही, आणि माझ्या मनानं सरळ अर्थ लावला की तिला यायचंच नाही. मी तिथंच जमिनीवर बसले आणि पदर डोळ्यांना लावला. मनात म्हटलं, बाई, मले काही समजत नाही. तू बाहेर आहेस की आत, आहेस की नाहीस, काहीच समजत नाही. आता तुझं तूच पाहा. कित्येक दिवसांनी मी तिच्याशी खरं बोलले होते.

तेवढ्यात बेल वाजली. केतकीनं साडी हातात धरूनच दार उघडलं. दारात एक म्हाताऱ्या बाई, कपाळावर मोठं कुंकू, हातात देवळातल्या प्रसादाची वाटी. आमच्याकडे पाहून त्याच गोंधळल्या. कच्छहून आदल्याच दिवशी वरच्या मजल्यावर मुलाकडे आलेल्या, आणि लिफ्टमधून चुकून एक मजला आधीच उतरलेल्या. परत वळणार तोच त्यांची नजर साडीवर गेली आणि त्या खुदकन हसल्या. "बेटा, ये तो अभी बँधी हुई है। खोले बिना कौन पहनाता है?"

त्यांनी चपला काढल्या, वाटी बाजूला ठेवली, साडीचं एक टोक केतकीच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरून तिरपं खेचलं. टक टक टक असा आवाज झाला आणि दोऱ्याचे तुकडे चहूकडे उडाले. एकेका गाठीतून एकेक पिवळा ठिपका उमलत होता आणि आकसलेलं कापड आमच्या डोळ्यांदेखत वाढत होतं. रंगवताना बांधलेल्या त्या गाठी गिऱ्हाइकासमोरच सोडायच्या असतात, त्यावरूनच असली माल ओळखतात, असं त्या सांगत होत्या. मी आ वासून पाहत होते.

केतकी मात्र मध्येच थांबली. मग ओरडल्यासारखी म्हणाली, "आई, बोट ठेव. कोणत्याही ठिपक्यावर ठेव!"

मी ठेवलं. त्यांनी पुन्हा ताण दिला. माझ्या बोटाखालच्या ठिपक्यापासून बाकीचे सगळे ठिपके लांब सरकले. तिनं दुसऱ्यावर ठेवायला लावलं, तिथंही तसंच. जिथं बोट ठेवावं, तोच मध्य वाटायचा. केतकी भरभरून बोलत होती, निम्मं हिंदी, निम्मं मराठी: कोणी पळून जात नाहीये, मधलं कापडच वाढतंय, आणि ही खोली आहे ते विसर, फक्त कापडच आहे असं समज, की झालं तुझं विश्व. कच्छच्या बा मोठ्या कौतुकानं मान डोलावत होत्या. मी विचारलं, "मग हे खेचून कोण राहिलं?"

"ये मुझे नहीं पता, आई. अभी तक किसी को नहीं पता," ती म्हणाली, आणि असं म्हणताना तिचा चेहरा इतका उजळला होता की मी पाहतच राहिले. आरतीच्या वेळी सासूबाईंचा चेहरा असा व्हायचा.

दुसरी साडी आम्ही मायलेकींनी सोडली. ती गॅलरीपर्यंत मागे गेली, मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. गाठी सुटत होत्या, आम्ही दोघी हसत होतो, माझ्या केसांत दोरे अडकले होते. आणि त्या हसण्यात मला कळलं की मी इतके दिवस देवीला कापडाच्या बाहेर शोधत होते, आणि ती तर माझ्या मुठीतल्या धाग्यात होती, केतकीच्या मुठीतल्याही. गाभारा नाही असं मुळी नव्हतंच. जिथं बोट ठेवावं तिथं गाभारा होता.

बा कुंकू लावून घेऊन वर गेल्या. दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन जेवायला आल्या, पुरणपोळी खाल्ली, कढी मागून घेतली. त्या देवी होत्या असं मी म्हणत नाही. त्यांना लिफ्टची भीती वाटते आणि आमची कढी त्यांना आंबट लागली. पण मी 'तुझं तूच पाहा' म्हटलं आणि त्याच क्षणी त्यांचं दार चुकलं, एवढं मात्र घडलं.

पण त्या दिवशी, साड्या नेसवून झाल्यावर, मुखवट्यांचं ताट घेऊन मी दाराबाहेर उभी राहिले. ह्यांनी चमच्यानं थाळी वाजवायला सुरुवात केली. आतून विचारणारं कोणी नाही, तर आपणच विचारू आणि आपणच सांगू, असं मी ठरवलं होतं. तोंड उघडणार, तोच आतून खणखणीत मराठीत आवाज आला.

"कोण आली?"

केतकी उंबरठ्याच्या आत, नवी ओढणी डोक्यावर घेऊन उभी होती. मी ताट सावरत तिच्याकडे पाहिलं, तशी ती हळूच म्हणाली, "विचारायले काय होते, आई. हा प्रश्न तर मले खराच पडला आहे. सांगायचं तू सांग."

मी सांगितलं. इतक्या मोठ्यानं सांगितलं की वरच्या मजल्यावर ऐकू गेलं असावं.

आता केतकी लांब असते आणि आकाशातल्या फार जुन्या उजेडाचा अभ्यास करते. फोनवर मला समजावते. थोडं समजतं, बरंच राहतं, आणि जे राहतं त्याचं मला आता भय वाटत नाही. देवीनं कुठे उभं राहावं हे ठरवण्याचं काम माझं नव्हतंच, ते मी उगाच अंगावर घेतलं होतं. ते तिच्या पायाशी ठेवलं तेव्हापासून हात आपोआप जुळतात. लेकीनं विचारत राहावं, मी नाव घेत राहावं, आणि दोघींना त्या एकीनंच सांभाळावं, एवढंच आता मी तिच्याकडे मागते.