मोटारीच्या दाराचं अस्तर

एप्रिल महिना मला अजूनही आवडत नाही. खाजगी शाळांत त्या काळी एक सोयीची रीत होती. तात्पुरत्या मास्तराला परीक्षा संपताच मोकळं करायचं, म्हणजे सुट्टीचा पगार द्यावा लागत नाही. जूनमध्ये वाटलं तर परत बोलवायचं, नाहीतर दुसरा बघायचा. या रीतीनं माझ्या दोन शाळा झाल्या होत्या. दोन्ही वेळा ट्रंक घेऊन मी वरवट बकालला घरी गेलो. आई काही विचारत नसे. गाव मात्र विचारी, आणि तेही चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात. डोणगावची शाळा ही तिसरी. इथूनही निघावं लागलं तर मास्तरकीचा नाद सोडून वडिलांच्या वांग्या-मिरच्यांच्या मळ्यात उतरायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. वांग्यांवर माझा राग नाही, पण मला भूगोल शिकवायचा होता.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मार्चअखेर शाळा तपासायला साहेब येणार होते. मेहकरच्या विश्रामगृहात त्यांचा मुक्काम, आणि तिथून डोणगावला त्यांना आणायचं ते आमच्या शाळेच्या अध्यक्षांच्या मोटारीनं. अध्यक्ष गावातले मोठे कापूस व्यापारी. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं हे त्यांच्या हातात. पण साहेबांनी ज्याच्याबद्दल चांगला शेरा दिला त्याला ते काढत नसत. माझं सगळं त्या एका शेऱ्यावर लटकलं होतं.

मोटार जुनी, विलायती. पंचक्रोशीत ती एकटीच, म्हणून तिला नावं ठेवायची सोय नव्हती. पण मागच्या दोन्ही दारांचं आतलं रेक्झिन वरच्या कडेनं सुटून जिभेसारखं बाहेर लोंबत होतं. त्यामागचा पुठ्ठा पावसाच्या पाण्यानं फुगला होता, आणि बसणाऱ्याच्या धोतराला त्याचा भुसा लागे. साहेब पँट घालणारे. त्यांच्या पँटला भुसा लागला तर शाळेचं अनुदान जाईल, असं अध्यक्षांच्या डोक्यात बसलं. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मास्तर, तुमाले चित्रकला येते," ते म्हणाले, "मंग हे काऊन नाही येनार?"

चित्रकला आणि मोटारीचं दार यांचा संबंध काय, हे विचारायची माझी छाती नव्हती. कायम झालेल्या मास्तरानं विचारलं असतं. मी म्हणालो, होऊन जाईल.

रविवारी अध्यक्षांच्या अंगणात कामाला बसलो. काच खालीवर करायचा दांडा काढला, स्क्रू काढले, आणि आतली अख्खी फळी खरवडत बाहेर ओढली. रेक्झिन वरून धडधाकट होतं, पण त्याच्या पाठीचं कापड कुजून पीठ झालं होतं. पुठ्ठाच धड नव्हता, तर तो रेक्झिनला काय धरणार. उन्हात वजनं ठेवून पुठ्ठे सपाट केले. आता रेक्झिन आणि पुठ्ठा यांच्यामध्ये एखादं जाड, चिवट कापड हवं होतं, सदऱ्याला लावतात तसं अस्तर. मांजरपाट पातळ पडे. गोणपाटाचे उंचवटे रेक्झिनवर उठत. मग मला शाळेतला नकाशा आठवला.

तो जुन्या प्रांताचा भिंतीवरचा नकाशा होता. नागपूर राजधानी, खाली आमचा वऱ्हाड, वर सगळा हिंदी मुलूख. चांगला ऐसपैस, मागून जाड कापड लावलेला. आता राज्य बदललं, राजधानी मुंबई झाली, आणि हे तपासणीचे साहेब जिथे जातील तिथे जुना नकाशा भिंतीवरून उतरवायला सांगतात अशी बातमी आली होती. म्हणून हेडमास्तरांनी तो आधीच उतरवून कपाटावर टाकला होता. मी त्यांना विचारलं, घेऊ का? ते म्हणाले, घ्या की, त्याचं काय आता लोणचं घालायचंय?

नकाशा आडवा कापला. वरचा अर्धा डाव्या दाराला, खालचा अर्धा उजव्या. मैद्याची खळ शिजवली, उंदीर लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद घातलं, आणि नकाशे पुठ्ठ्यांवर चिकटवले. इथे माझ्या हातून एक गाढवपणा झाला. शहाण्या माणसानं नकाशाचं तोंड पुठ्ठ्याकडे केलं असतं, म्हणजे वर कापड आलं असतं आणि रेक्झिन त्याला घट्ट बसलं असतं. पण भूगोलाच्या मास्तराच्या हातून नकाशा उलटा लागेना. मी तो वर्गात टांगावा तसा, तोंड बाहेर करून लावला. आणि त्या तोंडावर होतं तुळतुळीत वार्निश. त्याच्यावर खळ लावून मी रेक्झिन बसवलं, कडेला बारीक खिळे ठोकले, फळ्या परत चढवल्या. दारं नव्यासारखी दिसायला लागली. अध्यक्षांनी हात फिरवून पाहिला आणि ड्रायव्हरला गाडी धुवायला सांगितली, म्हणजे त्यांना आवडलं होतं.

साहेब आले. उंच, कमी बोलणारे, केस पांढरे होत आलेले. पँटला भुसा नव्हता. माझ्या तासाला ते शेवटच्या बाकावर बसले. मी पोरांना नव्या राज्याच्या नद्या शिकवल्या आणि पोरांनी, देव त्यांचं भलं करो, एकही नदी चुकवली नाही. मला वाटलं, सुटलो.

तास संपल्यावर हेडमास्तरांच्या खोलीत चहा झाला. साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे नकाशा काढल्याचा चौकोन अजून दिसत होता.

"इथला जुना नकाशा उतरवला, ते चांगलं केलं," ते म्हणाले. "कुठे ठेवला आहे?"

हेडमास्तरांनी माझ्याकडे बोट केलं. यांच्याकडे दिला आहे, म्हणाले, आणि बशीत चहा ओतू लागले. लोणच्याची गोष्ट ते साफ विसरले होते. शाळेची वस्तू, अनुदानातून घेतलेली, कात्रीनं कापून अध्यक्षांच्या मोटारीला लावली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि अध्यक्ष शेजारीच बसलेले. मी म्हणालो, नीट ठेवलाय साहेब. साहेब म्हणाले, जाण्यापूर्वी मला दाखवा.

उरलेला सगळा दिवस मी त्यांच्या नजरेपासून लपत काढला. पण जायच्या वेळी हारतुरे झाले, अध्यक्षांचं भाषण लांबलं, आणि नकाशाची आठवण कुणाला राहिली नाही. माझा जीव भांड्यात पडतो आहे तोच अध्यक्षांनी हाक मारली. साहेबांना मेहकरपर्यंत तुम्ही सोडून या, म्हणाले. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो, साहेब मागे उजव्या बाजूला.

मोटार दिवसभर उन्हात उभी होती. आत भट्टी झाली होती. गावाबाहेर पडलो आणि मागून बारीक आवाज यायला लागला, टक, टक. मी ओळखला. कडेचे खिळे एकेक करून सुटत होते. पुढे रस्ता खराब आला, गाडीनं दोन दणके घेतले, आणि अख्खं रेक्झिन फर्रकन खाली आलं. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती. आरशात साहेबांचा चेहरा दिसत होता. ते मान वाकवून दाराकडे बघत होते. त्यांच्या गुडघ्याशी बुलढाणा, यवतमाळ, चांदा, सगळा मुलूख उघडा पडला होता, वार्निश चकाकत होतं. मी माझी ट्रंक मनातल्या मनात भरून घेतली.

मग ते म्हणाले, "गाडी थांबवा."

ड्रायव्हरनं बाभळीखाली गाडी घेतली. मी उतरलो, त्यांचं दार उघडलं, आणि माफी मागायला तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "वरचा भाग कुठे आहे?"

मी म्हणालो, "त्या दारात."

साहेब उतरले, मोटारीला वळसा घालून डाव्या बाजूला आले, आत बसले, आणि मी एवढ्या मेहनतीनं बसवलेलं रेक्झिन त्यांनी कोपऱ्यातून नखानं उचकटलं. ते घट्ट होतं तिथे पेनाची टोपी घालून सोडवलं. मी आणि ड्रायव्हर बघत उभे. ड्रायव्हर हळूच मला म्हणाला, "मास्तर, साहेबाले काही झालं का हो?" मी त्याला गप्प केलं.

साहेबांनी चष्मा लावला. बोट वऱ्हाडाच्या वरच्या डोंगरावरून चढत मुलताईला आलं, तिथून जरा उजवीकडे सरकलं आणि एका कोऱ्या जागी थांबलं.

"हे माझं गाव," ते म्हणाले. "छापलेलं नाही. पण इथेच आहे."

मी वाकून पाहिलं. तिथे खरंच काही नव्हतं. मी म्हणालो, हो साहेब.

ते तसेच बोट ठेवून बसले. राज्यं वेगळी झाली तेव्हा ते गाव हद्दीपलीकडे, हिंदी मुलखात राहिलं होतं. त्यांचा भाऊ तिकडे होता, घर होतं, बोली मराठी होती, आणि नोकरी इकडे आल्यामुळे ते इकडे राहिले होते. हे त्यांनी तुटक तुटक सांगितलं, बहुतेक दारालाच. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पोरांना नवं राज्य शिकवायलाच हवं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. शाळाशाळांतून हा नकाशा मीच उतरवायला लावतो. पण उतरवला की विचारतो कुठे ठेवला. सगळीकडे फाडलेला, नाहीतर चुलीत गेलेला. गुरुजी, दारात ठेवलेला हा पहिलाच."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी दोन्ही आवरलं. त्यांनी विचारलं, किती वर्षं झाली नोकरीला? मी एप्रिलची सगळी कहाणी सांगून टाकली, वांग्यांसकट.

मेहकरला विश्रामगृहाच्या आवारात मी दोन्ही दारांचे नकाशे सोलून काढले. खालचा थोडा फाटला, वरचा अख्खा आला. साहेबांनी दोन्ही गुंडाळून काखेत घेतले. पायरीवर थांबून म्हणाले, "जूनमध्ये मी पुन्हा येणार आहे. नवा नकाशा भिंतीवर दिसला पाहिजे आणि शिकवायला तुम्ही."

परत येताना मी मागच्या सीटवर बसलो. दोन्हीकडे नुसता उघडा पुठ्ठा, माझ्या पँटला भुसा लागत होता, आणि मी इतका हलका झालो होतो की ड्रायव्हरशी गावापर्यंत अखंड बडबडत आलो. पण वेशीशी आल्यावर पुन्हा धाकधूक सुरू झाली. साहेबांचा शेरा यायचा तेव्हा येईल. अध्यक्ष आज दारात उभे होते.

त्यांनी एक दार उघडून पाहिलं, दुसरं उघडून पाहिलं. रेक्झिन दोन्हीकडे पायदानावर लोळत होतं. मग ते जे सुरू झाले ते थांबेनात. माझ्या चित्रकलेचा, माझ्या हाताचा, मला इथे पाठवणाऱ्याचा, सगळ्यांचा उद्धार झाला. मी मान खाली घालून उभा राहिलो.

शेवटी दम लागल्यावर ते म्हणाले, "सुट्टीत गावाले जाचं नाव काढू नका, मास्तर. हे दारं नीट झाल्याबिगर मी तुमाले सोडत नाही."

मी म्हणालो, हाव. माझा आवाज इतका खुशीत निघाला की ते माझ्याकडे संशयानं बघत राहिले.