खालच्या मावशींचं नाव

सबंद जुळे सोलापुरात आपल्या नावाचा अर्थ गॅसवाल्याला थांबवून सांगणारी बाई एकच, आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशी. रिटायर नर्स हायेत. नाव मेझी. कुणी नुसतं "आँ?" केलं की झालं. "स्कॉटलंडात मार्गारेटला लाडानं मेझी म्हणतात. मूळ ग्रीक. अर्थ मोती." गॅसवाला म्हणाला, "आमच्या कुत्र्याचं नाव हाय की." मावशी म्हणाल्या, "मग नशीबवान हाय कुत्रं."

मी आठवी नापास, त्यात भित्री. पोरीला उचकी लागली की तिला घेऊन खाली पळते, शिंकली की पळते, आन गप झोपली तर लईच पळते, चपलाबिगर. मावशी तिच्या नाकाखाली बोट धरत्यात आन म्हणत्यात, "ही बरी हाय. पेशंट तू हायस. बस, चहा पी."

तीन महिने झाले तरी मी पोरीचं नाव ठेवलं नव्हतं. पयल्या बाळाचं ठेवलं आन पंधरा दिवसांत ते गेलं, म्हणून हिला नुसतं धोंडी म्हणायची. मावशींनी ऐकलं. "धोंडी? अगं, दगड म्हणतीस पोरीला?" मला रडूच फुटलं. मग मावशींनी कधी न सांगितलेलं सांगितलं. त्या जन्मल्या तवा ओंजळीएवढ्या. त्यांच्या आईनं बी भिऊन नाव ठेवलं न्हाय. बाळंतपण केलेली स्कॉटलंडची डॉक्टरबाई म्हणाली, जितके दिवस हाय तितके दिवस हिला हाक कशी मारायची? आन स्वतःचं घरातलं लाडाचं नाव देऊन टाकलं.

"तितके दिवस म्हणता म्हणता पंच्याहत्तर वर्षं झाली," मावशी म्हणाल्या. "आता त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. कुणाला सिस्टर, कुणाला मावशी. म्हणून सांगत सुटते झालं."

रविवारी बारसं केलं. बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं, पण ह्यांना बहीण न्हाय, म्हणून मावशी उभ्या राहिल्या. पाळण्यावर वाकून म्हणाल्या, "काय सांगू?" मी पाळण्याची दोरी घट्ट धरली.

"बोल की बाई," सासूबाई म्हणाल्या, "बायका ताटकळल्यात."

"मुक्ता," मी म्हणाले.

मावशींनी मान वर केली. "अर्थ माहीत हाय?"

"व्हय. मोती. शाळेतल्या बाईंना विचारून आले."

मावशी पुन्हा वाकल्या, त्या वाकूनच राहिल्या. एवढंसं नाव सांगायला एवढा वेळ लागत न्हाय. पण मी बी घाई केली न्हाय.