टिकली लावलेला फोन

सुभेदार लालासाहेब दुकानात शिरले की मी आधी घोटभर पाणी पिऊन घ्यायचो. पुढं तासभर डोकं खाणार हे ठरलेलंच. कोरेगावात एसटी स्टँडसमोर माझं मोबाईलचं दुकान आहे. बारा वर्षांत हजार तऱ्हेचं गिऱ्हाईक बघितलं, पण फोन घ्यायला येऊन माझीच उलटतपासणी घेणारा माणूस हा एकच.

"अश्फाक, ह्या कंपनीचा कारखाना कुठं हाय?"

"खोक्यावर लिहिलंय की सुभेदार, भारतात."

"खोकं भारतातलं आसंल. आतला माल?"

आता मी काय सांगणार, कपाळ? मी खोकं उलटंसुलटं करून बघायला लागलो तर म्हणाले, "ठावं न्हाई न्हवं? मग इकतोस कशाला?"

चार गिऱ्हाइकांसमोर असा पंचनामा! तीन खेपा घालून शेवटी एक फोन घेतला, तोही बायकोसाठी, अंबूकाकूंसाठी. त्यांचा एकुलता एक पोरगा पृथ्वीराज फौजेत, पार वर डोंगरात. काकूंना आठवड्यातून एकदा पोराचा आवाज ऐकू आला नाही तर घास उतरायचा नाही. नाहीतर सुभेदारांनी ही ब्याद घरात घेतलीच नसती.

घेतली ती तरी कशी! फोन चार्जिंगला लावायचा तो अंगणात, घमेल्यात वाळू घालून त्यावर. का, तर बॅटरी फुटली तर घर पेटायला नको. पुढच्या कॅमेऱ्यावर काकूंची टिकली चिकटवलेली. मी हसलो तर म्हणाले, "हसू नगंस. मी काय खातो, कवा निजतो, ह्ये त्या कंपनीवाल्याला बघायचं काय कारण?"

एकदा टॉर्चचं ॲप टाकायला आले. ॲपनं विचारलं, तुमच्या फोनमधले नंबर बघू का? सुभेदारांनी फोन काउंटरवर आपटला. "उजेड पाडायचा तर ह्याला माझ्या पोराचा नंबर कशाला पायजे?"

बारा वर्षं मी लोकांच्या फोनवर 'अलाऊ' दाबत आलो. कशाला दाबतो, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. मनात म्हटलं, म्हातारा वेडा असेल, पण ह्यात चुकला नाही.

गेल्या वर्षी तर माझंच नाक कापलं गेलं. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, मी उघडली, आणि ती पत्रिका नव्हतीच, फसवं ॲप होतं. घटकाभरात माझा फोन दुसऱ्याच्या ताब्यात, आणि माझ्या नावानं तीच पत्रिका निम्म्या कोरेगावाला. सुभेदारांनाही गेली होती. त्यांनी उघडली नाही. छत्री टेकत दुकानात आले आणि विचारलं, "अश्फाक, तुझ्या घरात लग्नाचं कोन हाय रं?" माझी पोरगी सबीना तेव्हा चौथीत! सगळं दुकान हसलं. त्या दिवसापासून मी सुभेदारांना हसायचं सोडलं. उलट नवीन काही फसवाफसवी कानावर आली की मीच त्यांना सांगायचो.

हे मीच सांगायचो, ते ध्यानात ठेवा.

मग त्यांनी फोन ऐकतो की नाही, ह्याची परीक्षा घेतली. दोन दिवस फोन समोर ठेवून काकूंशी फक्त वाघ्या घेवड्याच्या बियाण्याच्या गप्पा. तिसऱ्या दिवशी फोनवर बियाण्याची जाहिरात! मी म्हटलं, "आवं सुभेदार, योगायोग असंल." ते म्हणाले, "फौजेत योगायोग नसतो गड्या. एक तर बातमी फुटती, न्हाईतर न्हाई."

दिवाळीच्या आत मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. आटपाडीला माझ्या मेहुण्याच्या शेजाऱ्याला त्याच्या पोरीच्या आवाजात फोन आला. रडत होती, पप्पा मला सोडवा म्हणत होती. आणि पोरगी तर मागच्या खोलीत अभ्यास करत बसलेली. आता आवाजसुद्धा बनवतात म्हणे. सुभेदारांचा चहा हातात तसाच राहिला. तो काउंटरवर ठेवून, छत्री उचलून ते घराकडं निघाले.

पृथ्वीराज दिवाळीची सुट्टी संपवून निघाला, तेव्हा कोरेगाव स्टेशनवर सुभेदारांनी त्याला बाजूला घेतलं आणि कानात एक शब्द सांगितला. पासवर्ड. पहाऱ्यावर अंधारात माणूस आला की विचारतात तसा. तुझ्या नंबरावरनं फोन आला तर ठीक, परक्या नंबरावरनं केलास तर आधी पासवर्ड सांगायचा, मग बाकीचं. काकूंनी विचारलं, "मला बी सांगा की." तर म्हणाले, "तुला सांगितला की सांजच्याला साऱ्या आळीला ठावं." काकू गाल फुगवून बसल्या, पण नवऱ्याचा स्वभाव त्यांना काय नवा होता?

शिमगा झाला. त्यानंतरच्या मंगळवारी चारच्या सुमाराला सुभेदार दुकानात आले ते मिशीला पीळ देतच.

"आज एक गाठला, अश्फाक."

दुपारी बाराला एक हिंदीवाला, मैं यूनिट से बोल रहा हूँ. ह्यांनी पुढचं ऐकलंच नाही. फौजेचं नाव सांगून फसवणारे मी कमी ऐकलेत का, म्हणाले. मग दीडला दुसरा परका नंबर. आवाज पृथ्वीराजचा, पण ओढून ओढून बोलल्यासारखा. आण्णा, मी दवाखान्यात हाय, गाडी उलटली, डोक्याला लागलंय. आईला द्या.

"मी इचारलं, पासवर्ड? तर म्हनतो, आठवंना आण्णा. काय तर भाजीचं हुतं." सुभेदारांनी काउंटरवर थाप मारली. "भाजीचं! बघ, म्हंजे फोननं घेवडा ऐकलाय! तेवढंच त्यांच्या हाताला लागलंय. बनावट न्हाई तर काय? कापला फोन. परत तीनदा वाजला. मी घमेल्यात ठिवून दिला."

आणि मी काय केलं? शाबास सुभेदार म्हटलं. स्पेशल चहा मागवला. दुकानात तिघंचौघं होते, त्यांना म्हटलं, शिका जरा ह्यांच्याकडनं. ते आठवलं की आज स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

घरी काय झालं ते काकूंनी मागनं सांगितलं. फोन स्पीकरवर होता. त्या चुलीपुढनं उठून आल्या आणि म्हणाल्या, "आवं, पोरगा हाय आपला." सुभेदार म्हणाले, "आवाज बनिवत्यात आता. अश्फाकनंच सांगितलंय." मग फोन अंगणात वाजत राहिला आणि काकू घमेल्यापाशी उभ्या राहिल्या. तीनदा वाजला. चौथ्यांदा वाजेल म्हणून त्या हात पुसून तिथंच थांबल्या. वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रहिमतपूरकडनं भाऊसो मोटारसायकलवर आला. पृथ्वीराजच्याच पलटणीतला, सुट्टीवर होता. यूनिटनं त्याला गाठून पाठवलं होतं, कारण सुभेदारांच्या घरी कोणी फोनच घेईना. तो अंगणात उभा राहूनच म्हणाला, "आवं आण्णा, फोन का घेत न्हाई तुमी? पृथ्वीचं काल आपरेशन झालं. डोक्यात रगत साकळलं हुतं. आत न्यायच्या आधी डाक्टर म्हनला, घरी बोलून घे. नर्सच्या फोनवरनं किती येळा लावला त्यानं."

पोरगा वाचला. आधी हे सांगतो, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल. आज तो ड्युटीवर आहे, बसून करायचं काम दिलंय. पण त्या मंगळवारी जगतो की मरतो हे ठाऊक नसताना तो घरचा आवाज न ऐकता आत गेला. आणि घरात आवाज होता, दोन माणसं होती, फोन चालू होता.

सुभेदार आणि काकू दोन दिवस रेल्वेनं प्रवास करून तिकडं गेले. डोक्याला पट्ट्या बांधलेला पृथ्वीराज बापाला बघून बारीक आवाजात म्हणाला, "आण्णा, घेवडा. वाघ्या घेवडा." शुद्धीवर आल्यापासून तो शब्द डोक्यात धरून बसला होता, बाप आला की आधी सांगायचा म्हणून. पासष्ट सालातला जन्म सुभेदारांचा, दोन मोहिमा बघितलेल्या, भाऊबंदांच्या मयतीला कधी डोळ्यातनं टिपूस काढला नाही. त्या दिवशी पलंगाचा दांडा धरून ते लहान पोरागत रडले. काकू रडल्या नाहीत. त्यांनी सुभेदारांच्या खिशातनं फोन काढून घेतला, टिकली नखानं खरवडली आणि फोन स्वतःच्या कमरेला खोचला.

तो अजून तिथंच आहे.

परवा दोघं दुकानात आले होते. फोनची काच तडकली होती, ती बदलायची होती. काच काढायच्या आधीच फोन वाजला. परका नंबर. वर लाल अक्षरात लिहून आलं, फसवणुकीची शक्यता. मी म्हटलं, "काकू, नका घेऊ." माझ्या हातनं फोन ओढून घेऊन त्यांनी कानाला लावला.

"बोल बाळा."

पलीकडं एक पोरगी कर्जाची जाहिरात बोलत होती. काकू सगळं ऐकत होत्या. व्हय म्हणत होत्या. मग विचारलं, "जेवलीस का?" पलीकडं पोरीनं फोन ठेवला.

हे रोजचंच आहे. दिवसातनं दहा-पंधरा फोन, लॉटरीवाले, केवायसीवाले, कोण कोण. काकू एकही सोडत नाहीत. कधीतरी एखादा त्यांना पुरता लुटणार, हे मला दिसतंय. सुभेदारांना तर माझ्याआधी दिसतंय.

मी हळूच म्हटलं, "सुभेदार, तुम्ही तरी सांगा. नको ते नंबर मी बंद करून देतो. एका मिनिटाचं काम आहे."

सुभेदार बाकड्यावर छत्री घेऊन बसले होते. काकूंनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पदरानं काच पुसत मलाच म्हणाल्या, "मला पासवर्ड कुनी सांगितलाच न्हवता रं अश्फाक. मला नुसता आवाज ठावं हुता."

तेवढ्यात फोन परत वाजला. पुन्हा परका नंबर. मी सुभेदारांकडं बघितलं.

"घिऊ दे तिला," ते म्हणाले.