किडेवालीच्या ट्रेमधली नाजूक ओळ

गल्लीत तिला किडेवाली म्हणतात. तोंडावर अर्थातच मॅडम. बाकीच्या बायका घरातले किडे मारतात, ही पगार घेऊन पाळते. संशोधन केंद्राच्या जाळीघरात भाताच्या रोपांवर तुडतुडे सोडायचे, कोणतं रोप तग धरतं ते बघायचं आणि त्यातून कीड न लागणारं वाण काढायचं, हे तिचं काम. तिचं लाडकं वाण नाल्याकाठच्या रानटी भाताच्या पोटचं. साहेबांनी बजावलं होतं, या खेपेला निकाल आला नाही तर ते बंद.

त्यामुळे तिच्या पायाला भिंगरी. जेवता जेवता उठायची, ट्रे बघून यायची. ट्रेमध्ये लाडक्या वाणाशेजारी मुद्दाम एक नाजूक ओळ लावलेली असते. ती आधी मरायला हवी. ती मेली तरच तुडतुडे खरंच भुकेले होते असं म्हणता येतं. आणि ही बया पिवळी पडता पडता पुन्हा टवटवीत!

"उपास धरलाय की काय मेल्यांनी?" ती तुडतुड्यांवर करवादली. वाकून पाहिलं, तर रोपांना चक्क अंगाच्या साबणाचा वास.

रोजचा डबा घेऊन आलेले सासरे दारातच उभे होते. जन्म कंपाउंडरकीत गेलेला; आजारी काही दिसलं की हात शिवशिवतात.

"बाबा, तुम्ही यांना काही केलंत?"

"साबणाचं पाणी, कापसाच्या बोळ्यानं. कोपऱ्यातलं पोर अगदीच मलूल होतं गं. बाकीच्यांना हात नाही लावला हं!"

"अहो, त्यालाच मरू द्यायचं होतं!"

"मग आधी नाही का सांगायचं? मी काय मारेकरी आहे?"

उरलेलं बियाणं एकाच ट्रेपुरतं. तिनं पुन्हा पेरलं, रोपं वर आल्यावर तुडतुडे सोडले आणि सासऱ्यांना डब्यासकट बाहेर बसवलं. आता भिंगरी दोघांच्या पायाला. ही आत येरझारा घालते, ते बाहेर जाळीला नाक लावून.

शेवटी नाजूक ओळ करपून आडवी झाली. किडेवालीनं टाळी वाजवली. सासऱ्यांनी चष्मा पुसला. शेजारची ओळ मात्र ताठ, हिरवीगार.

"हिला चोरून काय पाजलंस?"

"काही नाही. आजोळहून घेऊन आलीये ती."

सासऱ्यांनी पुन्हा जाळीला नाक लावलं. मग हळूच म्हणाले, "आणि ते तुडतुडे? आता ते बिचारे काय खातील?"